सुमतीअक्का आणि न दिसणारा किरण

प्रयोगशाळेतला दिवा मालवण्यापूर्वी सुमतीअक्का प्रत्येकाच्या चष्म्याला हात लावून पाहत. लेसरपासून डोळे वाचवणारे जाड चष्मे. त्यांचा स्वतःचा मात्र कपाळावर असे.

"अक्का, तुमचा?" वर्तमानपत्रासाठी लिहायला प्रयोगशाळेत गेलो त्या पहिल्याच दिवशी मी विचारले.

"स्वल्प थांबा हो, पेपरवाले. तो लावला की हिरवं मंद दिसतं."

बसवनगुडीत त्या आमच्या शेजारी. घराणे तीन पिढ्या बंगळुरातले. काम दुर्मिळ मृदा धातूंच्या अतिसूक्ष्म कणांवर. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेसर पडला की हे कण हिरवे उजळतात. "एका किरणात तेवढा जोर नसतो," त्या सांगत. "पहिला कणाला अर्ध्या पायरीवर चढवतो. दुसरा येईपर्यंत तिथं टिकायचं. नाही टिकला, गेलं फुकट."

एका दुपारी नमुन्यावरच्या काचेच्या झाकणावरून परावर्तित झालेला किरण त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला. दुखले नाही. फक्त वाचताना ओळीतला मधला शब्द नाहीसा होऊ लागला. डावा डोळा लहानपणापासूनच अधू होता.

अपघात त्याच दिवशी कळवायचा, असा नियम होता. कळवला की चौकशी संपेपर्यंत खोलीला कुलूप. नागपूरहून आलेल्या संशोधक विद्यार्थिनी प्राजक्ताच्या प्रबंधाची शेवटची मोजमापे उरली होती आणि तिची मुदत संपत आली होती. अक्कांनी झाकण बदलले आणि त्या गप्प राहिल्या. बसथांब्यावर त्यांनी समोरच उभ्या असलेल्या बसचा नंबर विचारला, तेव्हा मला कळले.

"डॉक्टरांकडे चला."

"मोजमापं संपू देत."

"डोळा जाईल, अक्का."

"गेलाय तो. आता पोरीचं वर्ष कशाला घालवू?"

मी कोणाला सांगितले नाही. तो निर्णय माझा.

मोजमापे संपली त्याच दिवशी त्यांनी मला संस्थेला पत्र लिहायला बसवले. अपघात लपवल्याची कबुलीही त्यात घालायला लावली. संस्थेने त्यांना लेसरच्या खोलीत जाण्यास बंदी केली. बंदी योग्य होती.

प्राजक्ताच्या तोंडी परीक्षेला अक्का पहिल्या रांगेत बसल्या, शेजारी मी. पडद्यावर आलेख आला. त्यांनी मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने पाहायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"रेषा सरळ आलीय का हो?"

"आलीय."

"ठिपके तिच्यावरच बसलेत?"

"एक बराच खाली आहे."

"तो माझा," अक्का म्हणाल्या. "डोळा गेल्यावर त्या दिवशी लेसर मी जुळवला होता."

परीक्षकांनी नेमके त्याच ठिपक्यावर बोट ठेवले. प्राजक्ताने अक्कांकडे पाहिले नाही.

"जुळवणीत माझी चूक झाली होती, सर," ती म्हणाली.

अक्का उठू लागल्या. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवले.