दोर ओढायचा दिवस

"आधी जनावरं, मग माणसं, मग आपण." नेड ऑल्डरसन हे बापाकडून शिकला आणि यॉर्कशरच्या डोंगरातून फौजेत जाताना शिदोरीसारखं बांधून घेऊन गेला. साधा शिपाई म्हणून भरती झाला. सार्जंट झाला, पुढं अधिकारी, आणि केस पिकता पिकता ब्रिगेडियर. तरी सरावाच्या मैदानात जेवणाच्या रांगेत तो सगळ्यांच्या मागं उभा राही.

मेंढ्या राहिल्या थोरल्या बहिणीच्या, हेस्टरच्या गळ्यात. बाप गेला, तिचे गुडघे गेले, पण भावाला तिनं कधी 'परत ये' म्हटलं नाही. एकच आस होती. निवृत्त होणाऱ्या साहेबाला जवान गाडीत बसवतात, गाडीला दोर बांधतात आणि छावणीच्या फाटकाबाहेर ओढत नेतात. ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

नेडच्या निवृत्तीचा दिवस आला, तो ऐन मेंढ्या विण्याच्या दिवसांत. कळप शेजारणीवर सोपवून ती निघाली, तेव्हा शेजारीण म्हणाली, "दोर बांधून ओढणार? अगं, साहेब आहे का हटून बसलेला मेंढा?"

"असेना मेंढा. आमचा आहे!"

छावणीत गाडी चकचकीत पुसलेली, दोर पसरलेले, बँड सज्ज. तेवढ्यात जवान आले. रात्रभर सरावात भिजून थेट मैदानातून आले होते. एकाचे ओठ निळे पडलेले नेडनं पाहिले.

"सार्जंट मेजर, पोरं जेवली का?"

"दोर ओढून झाले की जेवतील, साहेब. खुशीनं आलेत."

"खुशीनं पोट भरतं होय? आधी जेवायला पाठवा."

"पण नवे साहेब ताबा घ्यायला येतच असतील, त्याआधी तुम्हाला निघायला हवं. मग गाडी कोण ओढणार?"

"मला पाय आहेत."

मग त्यानं बहिणीकडं पाहिलं. "हेस्टर, तू एवढ्या लांबून..."

चिखलात पडलेल्या दोरांवरून तिची नजर हलेना. ती एक शब्द बोलली असती, तर तो गाडीत बसला असता. मग ती म्हणाली,

"मेंढ्यांना चारा घातल्याशिवाय मी कधी चहा घेतलाय? हो पुढं. चालत जाताना बघते तुला."

जवान जेवणघरात गेले. नेडनं टोपी सारखी केली आणि एकटाच फाटकाकडं निघाला. वाजवावं की नाही, बँडवाल्यांना कळेना. इतक्यात जेवणघरातून एक जवान ताटासकट बाहेर आला. त्याच्यामागं दुसरा, तिसरा. बघता बघता वाफाळती ताटं धरून रस्त्याच्या दोन्ही कडांना सगळे ताठ उभे राहिले. मधून बापासारखीच फेंगडी चाल चालत नेड गेला.

"खा रे पोरांनो, निवतंय," हेस्टर म्हणाली.

तो फाटकाबाहेर वळेपर्यंत एकानंही घास घेतला नाही.