घोडीवर बांधलेली रुक्मा

“ही गाठ कोणी मारली?” मॅडमनी विचारलं.

घोडी उभी होती. घोडीवर रुक्मा होती. तिच्या कमरेला माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी होती, आणि ती पट्टी खोगिराला आवळून बांधलेली होती.

“म्या मारली,” मी म्हणाले. “पोरगी पडली तं मलेच बोलान ना तुमी.”

मॅडम फिजिओथेरपिस्ट होत्या. म्हणजे औषधाऐवजी व्यायामाने अंगात बळ आणणाऱ्या. महिन्यातून एकदा नागपूरहून एस.टी.ने यायच्या. त्या साली पावसाळ्यात मात्र चार महिने त्यांचं येणं झालं नव्हतं. शहापूरच्या पुढे हायवेला लागून आमची शाळा होती. वाढ मागे राहिलेली मुलं तिथे राहायची. ही गोष्ट ऐंशी सालाच्या आगेमागेची.

माझा हुद्दा आयाचा, काम मोतद्दाराचं, म्हणजे घोडीची निगा राखायचं. शिकले चौथीपर्यंत. पण बापाचा टांगा होता. खरारा करणं, नाल बघणं हे मला लहानपणापासून येत होतं. मॅडमच्या सांगण्यावरून शाळेने टांग्याची एक म्हातारी घोडी घेतली, तेव्हा शाळेच्या मुख्य साहेबांनी मला कामावर ठेवलं. घोडीचं नाव बिजली, चाल बैलाची.

टांग्याच्या घोडीला पाठीवर कोणी बसायची सवय नसते. मी पंधरा दिवस तिच्यावर धानाचं पोतं बांधून फिरवलं. मग मुलं बसवली. बाकीची मुलं धरून बसायची. रुक्माला बसताच येत नव्हतं, म्हणून पोतं बांधलं तशीच तिला बांधली. लगाम माझ्या हाती, दुसरं माणूस नाही. काय करणार?

रुक्मा करडी गावची, आठ वर्षांची. अंग ढिलं, मान डुलायची. बसवली की एका बाजूला कलंडायची. शब्द तीन-चार. तिला माय नव्हती. बाप सीतारामभाऊने तिला बैलगाडीत धानाच्या तणसावर निजवून आणलं होतं. शाळेचा नियम असा की वर्षात फरक दिसला नाही तर जागा दुसऱ्या मुलाला. रुक्माचं वर्ष दिवाळीला भरत होतं. आधाराशिवाय बसली तरच राहील, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

ते ऐकून सीतारामभाऊ माझ्याकडे आला होता. “बाई, इले घरी नेऊन काय करू जी? रोवणी असो का कापणी, सारे धानाच्या बांदीत राहतेत. हे खाटीवर एकटी. मागच्या साली मुंग्या लागल्या होत्या इले.”

तेव्हापासून मी रोज दोन फेऱ्या जास्त मारत होते. गाठही जास्त घट्ट बांधत होते.

मॅडमनी मला सावलीत नेऊन समजावलं. घोडी चालते तेव्हा तिची पाठ डुलते. बसणाऱ्याची कंबर आपण चालताना हलते तशीच हलते. तोल जातो, अंग सावरतं. ते सावरणं हाच व्यायाम.

“तुम्ही तोल जाऊच दिला नाही, अनसूबाई. चार महिने व्यायाम घोडीचा झाला. मुलीचा नाही.”

मला राग आला. मग वाटलं, खरं आहे. पोतं काही शिकत नाही.

दिवाळीला महिना उरला होता. मॅडमनी खोगीरही काढायला लावलं. त्याऐवजी घडी घातलेली घोंगडी, म्हणजे घोडीची ऊब आणि हालचाल थेट लागते. लगाम धरायला स्वयंपाकीण कौसल्या आली. मी रुक्माच्या बाजूला. हात मांडीजवळ ठेवायचा, लावायचा नाही.

पहिल्या दिवशी रुक्मा सात वेळा माझ्या अंगावर आली. कौसल्या म्हणाली, “बाई, घोडीवर तूच बस, तेवढंच सोपं पडन.” आठवड्याने रुक्माने आयाळ धरली. बिजली बिचारी केस ओढून घेत उभी राहायची. मग कलंडणं कमी झालं. पण थांबलं नाही.

मॅडम रिपोर्ट लिहायला आल्या त्या दिवशी साहेब आले, सीतारामभाऊही आला. तो धोतराचा सोगा मुठीत धरून कुंपणाशी उभा होता. आम्ही अर्धी फेरी केली. तेवढ्यात हायवेवर ट्रकने हॉर्न दिला. बिजली जागीच थबकली. रुक्मा पुढे झुकली, मग माझ्या बाजूला आली.

मी हात घातला.

“हात मागे,” मॅडम म्हणाल्या.

मी हात काढला. पडली असती तर मी मॅडमना आयुष्यभर माफ केलं नसतं. रुक्माने आयाळ ओढली. मान हलली, पाठ हलली, आणि ती हळूहळू सरळ झाली. माझा हात अजून जवळच होता. तिने त्यावर चापट मारली.

“नाई,” ती म्हणाली. हा तिच्या तीन-चार शब्दांतलाच एक.

साहेबांनी विचारलं, “रिपोर्टात काय लिहिता?”

“आधाराशिवाय बसते,” मॅडम म्हणाल्या. “आयाला मारतेसुद्धा.”

सीतारामभाऊ कुंपणातून आत आला. बिजलीच्या पाया पडला आणि विडी प्यायला हायवेवर गेला.

रुक्माची जागा राहिली. दिवाळीला ती घरी गेली ती एस.टी.त खिडकीशी बसून. चालायला ती कधीच शिकली नाही. बसून जेवायला शिकली. मुंग्या झटकायला शिकली.

बिजली गेली, शाळाही तिथून हलली. आता तिथे लग्नाचा लॉन आहे. कधी बसमधून जाताना मी घोडीची फेरी कुठून कुठे होती ते शोधते. सापडत नाही.

लुगड्याची ती पट्टी मी पुढे सरपणाची मोळी बांधायला वापरली. तिचं काम तेच होतं.