मावसाजींनी घालवलेला सूर

आमचे मावसाजी, म्हणजे मावशीचे यजमान, होते तोवर रायपुरातल्या मराठी लग्नांत कोणी बेसूर गायलंच नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. गाणारे बहुतेक बेसूरच होते, ती गोष्ट वेगळी. मावसाजींची नोकरी रेल्वेच्या हापिसात, पण जीव कीबोर्डात. राज्य नवं झालं, राजधानी म्हणून रायपुराला भाव आला आणि जिकडेतिकडे लग्नाच्या बागा उगवल्या, त्या दिवसांत मंडपाच्या कोपऱ्यात एकटे बसून ते सनई, बासरी, तबला सगळं कीबोर्डावर वाजवायचे. गोल बाजारातून जरीचं कापड आणून त्यांनी त्याला खोळ शिवून घेतली होती. स्कूटरवर मागे मावशी आणि तिच्या मांडीवर आडवा कीबोर्ड, अशी स्वारी समता कॉलोनीतून निघाली की समोरचे सायकलवाले मुकाट्याने उतरून कडेला उभे राहत.

बँडशी त्यांचं वैर नव्हतं. "बँड वरातीचा. नवरदेवाले दारात आणून सोडते, मंग त्याचं काम संपलं," म्हणायचे. राग होता तो डीजेवर. एका लग्नात डीजेच्या दणक्याने वाटीतली कढी हलताना पाहिली, तर हे ताट उचलून रस्त्यापलीकडे जाऊन जेवले. मी विचारलं, काहून? तर म्हणाले, "अरे, तो कोणाचं आयकून नाही राहिला ना. नुसता वाजवून राहिला."

ऐकणं हेच त्यांचं खरं काम. मंगलाष्टकं म्हणायला उठणाऱ्या आत्या-माम्या कुठल्या पट्टीत निघतील आणि कुठे पोचतील, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मावसाजी डोळे मिटून कान देत, आणि सूर पळेल तिकडे बटण दाबून पट्टी बदलत मागोमाग जात. ऐकणाऱ्याला वाटे, वा, काय गायली बाई! सगळ्यांत अवघड प्रकरण म्हणजे खुद्द मावशी. तिसऱ्या ओळीला तिचा सूर जो घर सोडायचा, तो 'सावधान'पर्यंत परत येत नसे. इतक्या वर्षांत तिला याचा पत्ता नव्हता. उलट ऐटीत सांगायची, "मले पेटीच्या मागं नाही जा लागत. हेच माह्या मागं येतात." यातला शब्द न् शब्द खरा होता.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, नव्या रायपुराकडच्या एका मोठ्या हॉलात. मुलगी म्हणाली, "पापा, उस दिन आप कोने में नहीं बैठोगे. डीजे रहेगा. आप बस मेरे पापा बनके खड़े रहना." ते "हव" म्हणून कबूल झाले. संध्याकाळी मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "माह्यं काही नाही रे. पण तुह्या मावशीनं पोरीसाठी मंगलाष्टक रचलं. डीजेवाला तिच्या मागं जाईन काय? अन् नको गाऊ म्हणून तिले सांगू कसं?"

व्हायचं तेच झालं. अंतरपाट धरला, डीजेने तयार संगीत लावलं आणि मावशीने सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला सूर निघाला आपल्या वाटेने आणि डीजेचं संगीत आपल्या. मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली. मावशी गोंधळली, आवाज कापायला लागला. तेवढ्यात नवरीच्या मागे फेटा बांधून उभ्या असलेल्या मावसाजींनी एकदम मोठ्याने गायला सुरुवात केली. जन्मात कधी न गायलेला माणूस, आणि गायला असा, की भटजी अक्षता टाकायचे विसरले. इतकं बेसूर गायला फार तयार कान लागतो. सगळा हॉल पोट धरून हसला, पण त्यांना. त्या गदारोळात मावशीचं मंगलाष्टक सुखरूप पार पडलं.

मावशीने त्यांना कधी माफ केलं नाही. "एवढा जानकार माणूस, अन् पोरीच्या लग्नात माहा सूर घालवला यायनं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मावसाजी शेजारीच बसलेले असत. मान खाली घालून म्हणायचे, "हव, चुकलंच माह्यं."

मावसाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यासारखं ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. मावशीची तक्रार मात्र चालूच आहे. ती सांगते, बोलता बोलता थांबते आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहते. मग मीच म्हणतो, "हव मावशी, त्यायचंच चुकलं." तेव्हा कुठे ती पुढे बोलू लागते.