तिनं जोडलेला कॉम्प्युटर

माझ्या धाकट्या बहिणीनं नोकरीतून निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडायला घेतला. आम्ही दोघंच सक्करदऱ्याच्या घरात राहत होतो. मी मराठी शिकवण्यात आयुष्य काढलेला माणूस, मला त्यातलं काही कळत नव्हतं. जेवणाच्या टेबलावर ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायची आणि मी पलीकडे वाचत बसायचो. धरमपेठेतल्या एका दुकानातून ती एकेक वस्तू आणी. कॉम्प्युटरच्या डब्यातल्या वायरी तिनं स्वेटरच्या उरलेल्या निळ्या लोकरीनं बांधल्या होत्या. प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात ना, असं मी म्हटलं तर म्हणाली, "त्या कापाव्या लागतात. ही गाठ सुटते."

सगळं बसवून झालं, बटण दाबलं, तर पंखे फिरले पण स्क्रीन काळाच. ती अजिबात खट्टू झाली नाही. "दादा, मदरबोर्ड दुकानात बरेच दिवस पडून होता. प्रोसेसर त्याच्यानंतर निघालाय, त्यामुळे बोर्डाला तो ओळखू येत नाही. बोर्डाचं फर्मवेअर नवं करावं लागेल." फर्मवेअर म्हणजे बोर्डात कारखान्यातूनच भरून आलेलं छोटंसं सॉफ्टवेअर, हेही तिनंच सांगितलं. ते करायच्या आत ती दवाखान्यात गेली आणि तिकडून परत आली नाही.

उन्हाळा लागला तेव्हा मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "घेऊन या सर, पण इथं पूर्ण खोलूनच करतो मी. नाहीतर घरीच करून पाहा. मागं बटण आहे, पेन ड्राइव्ह लावून दाबायचं. फक्त मधे लाइट गेली तर बोर्ड गेला समजा. मग तो बदलायलाच लागेल. सगळं काढावं लागेल बाहेर."

सगळं काढावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. ते स्क्रू तिनं आवळले होते. कुणी ते काढावेत, लोकरीच्या गाठी सोडाव्यात, हे मला नको होतं. मग मी घरीच करायचं ठरवलं.

आमच्या घरातलं वायरिंग जुनं. कूलर सुरू केला की कधी कधी एमसीबी पडतो आणि घरभर अंधार होतो. इन्व्हर्टरची बॅटरी तिच्या आजारपणात कधीतरी बसली, बॅटरीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. म्हणून मी दुपारी कूलर बंद केला, फ्रिज बंद केला, पंखासुद्धा बंद केला. कंपनीच्या साइटवरची फाइल मी सायबर कॅफेतून पेन ड्राइव्हवर आणली होती, साइटवर सांगितलं होतं तसं त्या फाइलला नावही दिलं होतं. पेन ड्राइव्ह मागे लावला आणि बटण दाबून धरलं. मागे एक बारीक दिवा लुकलुकू लागला. आता तो आपणहून विझेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असं साइटवर लिहिलेलं होतं.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात उमरेडची मावशी. एसटीनं एकटीच आली होती. दुःखाच्या घरी कुणी फोन करून येत नाही. बहीण गेली तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिला येता आलं नव्हतं. ती आत आली, खुर्चीत बसली, माझा हात धरून रडली. मी तिच्याकडे पाहत होतो आणि तिच्या खांद्यावरून त्या दिव्याकडेही.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "काहून बाबू, कूलर बंद ठेवून बसला? जीव जाते ना माणसाचा इथं."

"असू दे मावशी. थोड्या वेळानं लावतो."

"थोड्या वेळानं मी मरून राहीन," ती म्हणाली आणि उठून स्वतःच कूलरच्या बटणाकडे गेली.

"हात नको लावू!"

मी ओरडलो. बहीण गेल्यापासून माझा आवाज एवढा चढला नव्हता. मावशीनं हात तसाच हवेत धरला.

"बाप्पा! मारतं काय मले?"

मी तिला दिवा दाखवला, जमेल तसं सांगितलं. ती खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसली आणि पदरानं आळीपाळीनं स्वतःला आणि मला वारा घालू लागली.

"हे पोट्टीनं जोडलं?"

"हो."

"लग्नाचं म्हटलं तर पळे. अन् हे बरं जमलं तिले." मग दिव्याकडे बोट करून, "लाइट गेली तर?"

"तर दुकानवाला सगळं खोलून काढेल."

"मंग तू काय करशील?"

"काही नाही. आपल्या हातात काहीच नाही, मावशी."

बाहेर कुणाची तरी पाण्याची मोटर सुरू झाली आणि आम्ही दोघांनीही दिव्याकडे पाहिलं. तो लुकलुकत होता. दवाखान्यातही मी असाच बसून होतो. तिथंही हात लावू नका म्हणाले होते.

मग दिवा विझला. पूर्ण झालं म्हणून की बोर्ड मेला म्हणून, ते दिव्यावरून मला कळेना. मी सुरू करायचं बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळाच राहिला. बराच वेळ काळा राहिला. मावशीचा पदर थांबला होता. आणि मग स्क्रीन उजळला, त्यावर प्रोसेसरचं नाव आलं, बरोबर.

"लागला न गा!" मावशीनं माझ्या पाठीत थाप मारली.

त्याखाली इंग्रजीत एक ओळ होती. ती मी दोनदा वाचली.

"काय म्हणते थे?"

"सुरू करण्यासारखं आत काही नाही म्हणते. डिस्क घाला आणि कीबोर्डची कुठलीही कळ दाबा."

"मंग घाल ना."

"यात काय घालायचं होतं ते तिलाच माहीत."

"कशाले पाहिजे होता तिले हा?"

ती बोर्डाबद्दल, पंख्यांबद्दल, वायरींबद्दल बोलायची, पण झाल्यावर त्यावर काय करणार हे कधी बोलली नव्हती. मग मावशी उठली, चपला घातल्या. अशा घरून जाताना 'येतो' म्हणत नाहीत, तीही म्हणाली नाही. मी तिला रिक्षात बसवून आलो.

स्क्रीन तसाच उजळलेला होता. तिचा एकही स्क्रू हलला नव्हता. ओळ म्हणत होती, कळ दाबा. मी समोर बसलो आणि दाबली. क्षणभर स्क्रीन काळा झाला आणि तीच ओळ परत आली.