मिठागरातली रक्ताची पावलं

कळव्याच्या धोंडीबा आगऱ्याला ठाण्याच्या सेशन कोर्टात पंच म्हणून बोलावणं आलं, तेव्हा अख्ख्या गावाची मान ताठ झाली. इंग्रजी राज्यात निकालाआधी जज्जसाहेबाला मत द्यायला आजवर बसायचे ते कचेरीतले, नाहीतर शाळेतले. खून मिठागरात पडलेला, तेव्हा एखादा मिठागरवालाही हवा, असं यंदा साहेबाच्याच मनात आलं.

धोंडीबाचं स्वतःचं आगर होतं, तरी खाऱ्या पाण्यात उतरणं त्यानं सोडलं नव्हतं. फाटलेल्या टाचा चारचौघांत दिसायला नकोत म्हणून त्यानं नवा जोडा घेतला आणि लंगडत खुर्चीवर जाऊन बसला. शेजारी दोन पेन्शनर कारकून आणि एक मास्तर.

आरोपीच्या पिंजऱ्यात मिठागरातला मजूर पोपट उभा. मुकादम दौलतचं डोकं फुटलेलं सापडलं, आदल्या दिवशी पोपटचं त्याच्याशी वाजलेलं, आणि रक्ताची पावलं बांधावरून थेट पोपटच्या झोपडीत गेलेली. पुरावा तो एवढाच.

"माज्याच पायाचा रगत हाय, सायब," पोपट हात जोडून म्हणाला. कारकून गालात हसले. उभा जन्म छपराखाली गेलेला, त्यांना काय कळणार, कपाळ!

धोंडीबाला कळत होतं. वैशाखात मीठ ओढताना कळव्यातल्या कुठल्या बांधावर रक्त नसतं? शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मत विचारलं मानाप्रमाणे. तिघेही "गुन्हेगार" म्हणून मोकळे झाले. आता थोरांपुढं तोंड उघडायचं, वर जोडा काढून टाचा दाखवायच्या? लाज आडवी आली मेली!

"मोठी मानसं म्हनतान तोच," तो पुटपुटला.

"मिठागरवालाही तेच म्हणतो, मग शंका कसली?" म्हणत साहेबानं फाशी सुनावली.

घरी रंगूबाईनं नवऱ्याचा जोडा ओढला, तो निघेना. निघाला तेव्हा आत रक्ताचं थारोळं.

"अगो बाय! यो रगत कोनाचा?"

"माजाच."

तिचा हात तिथंच थांबला. "पोपट बी तोच सांगत व्हता ना?"

दुसऱ्या दिवशी तो अनवाणी कोर्टात धावला. शिपायानं त्याला दारातच अडवलं. "मत दिलंस ना? झालं तर मग," म्हणाला.

पोपटला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्याची आई मालन प्रेत न्यायला आली, तेव्हा धोंडीबा फाटकाशी उभा होता. तिनं आधी चादर सारून लेकाच्या टाचा पाहिल्या. मग धोंडीबाच्या उघड्या पायांकडं बघून म्हणाली, "तुला तं म्हाईत व्हता रं!"