दगडांच्या अलीकडची वाट

"ह्या अंगाला ये, मग बोल," असं ते म्हणायचे. उजवीकडून हाक मारली की नुसती मान नाही, अख्खं अंग वळवून आपल्याकडे बघायचे आणि आपल्याला डाव्या बाजूला बोलावून घ्यायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांची एखादी खोड आपल्याला पाठ असते, पण तिचं कारण विचारायचं कधी सुचत नाही. मला वाटायचं, माझ्या तोंडाची एक बाजू त्यांना आवडत नसावी. मी आठवडाभर भांग बदलूनही पाहिला.

उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फौंड्रीत ते लोखंड ओतायचे वाळूचे साचे बनवायचे आणि मी हजेरी लिहिणारा टाइमकीपर होतो. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मुठीत ओली वाळू दाबायची, मूठ उघडायची आणि सांगायचं, "पाणी जास्त झालंय हिला." ते कधी चुकले नाहीत. चुकायचं खातं माझ्याकडे होतं.

शहरातून येणाऱ्या डांबरी रस्त्याच्या कडेला तेव्हा पांढरे रंगवलेले दगड एका ओळीत पुरलेले होते. दगडांच्या अलीकडे मुरमाची पट्टी. ती आमची सायकलवाट. सकाळी तिच्यावरून शेकडो डबे खडखडत यायचे.

एक दिवस बातमी आली, की ट्रक वाढलेत म्हणून सरकार दगड उपटून रस्ता रुंद करणार. लोक दोन दिवस चिडले, मग पाळीला लागले. अण्णांना मात्र चैन पडेना. दिवसातून तीनदा माझ्या खिडकीशी यायचे.

"अर्जाचं काय झालं रं?"

"कालच लिहायला घेतलाय, अण्णा."

"मग आज काय करालायस?"

अर्ज मी फार मन लावून लिहिला. 'श्रमिकांची जीवनवाहिनी' हा शब्द त्यात दोनदा घातला आणि शेवटी स्वतःच गहिवरलो. वाचून दाखवला तर अण्णा म्हणाले, "कोण वारलंय काय रं? एवढं कशाला? साहेब, एकदा येऊन बघा, एवढंच लिही."

तेवढंच लिहिलं. बुधवारी सकाळी सातला या, असंही लिहिलं. आणि काय नवल, रस्त्याच्या हापिसातले इंजिनिअरसाहेब येतो म्हणाले!

बुधवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून सायकलवाटेवर हजर. साडेसहा झाले. पावणेसात झाले. वाटेवर एक कुत्रं, तेही बसलेलं. तेवढ्यात गेटाकडून अण्णा आले, उतरले आणि म्हणाले, "गेटावर नोटीस लागलीया. कुणाचं अक्षर हाय, बघून ये जा."

अक्षर माझंच होतं. वीजकपातीमुळे सगळ्या वसाहतीची साप्ताहिक सुट्टी या आठवड्यापासून बुधवारी. सोमवारी मीच लिहून मीच चिकटवली होती.

"अण्णा, तुम्हाला सुट्टी ठाऊक होती?"

"आत्ता कळली. वाचतंय कोण तुझ्या नोटिसा?"

घाबरलेल्या माणसाला अक्कल सुचते ती अशी. रस्त्यावर निदान एक डोकं वाढावं म्हणून मी गेटात धावलो. भट्टीची दुरुस्ती बघायला मॅनेजर आलेले होते. त्यांनाच ओढून बाहेर आणलं.

जीप आली. साहेब उतरले. अण्णा सायकलवरून समोरून टोपी घालून गेले. थोड्या वेळाने बोडक्याने परत आले. तिसऱ्या खेपेला डोक्याला टॉवेल होता. साहेब कन्नड, पण मराठी चांगलं बोलायचे. शांतपणे म्हणाले, "सायकल एकच दिसते मला. आणि माणूसही तोच."

मी जमिनीत शिरायला जागा शोधत होतो. अण्णांनी टॉवेल काढला आणि सायकल उचलून दगडांच्या पलीकडे, डांबरावर ठेवली.

"साहेब, आता ध्यान देऊन बघा," म्हणाले आणि निघाले.

मागून बिडाच्या लोखंडाने भरलेला ट्रक आला. हॉर्न वाजला. अण्णांनी नेहमीसारखं अख्खं अंग उजवीकडे वळवलं, आणि अंगाबरोबर हँडलही वळलं. थेट ट्रकपुढे. मी ओरडलो, की नुसता ओरडायचा विचार केला, आठवत नाही. ब्रेक किंचाळले. धूळ खाली बसली तेव्हा अण्णा ट्रकच्या बंपरपासून हातभर अंतरावर, एक पाय टेकून उभे होते.

साहेब धावत गेले. अण्णा त्यांना म्हणाले, "बघिटलासा न्हवं? उजव्या डोळ्यात रस उडाला लोखंडाचा, लई वर्सं झाली. वळलो तर हँडल वळतंय. न्हाय वळलो तर गाडी दिसत न्हाय. ह्या दगडांच्या अलीकडं मी सरळ बघून येतो. एवढंच हाय माझं म्हणणं."

साहेबांनी खिशातून वही काढून काहीतरी टिपून घेतलं.  पण हे मॅनेजरनीही ऐकलं होतं, आणि त्यांना तिथे मी आणलं होतं.

महिन्याभराने कागद आला. दगड तूर्त राहू द्यावेत.

त्याच्या आधीच अण्णांना साच्यांच्या कामावरून काढलं होतं. उकळत्या लोखंडापाशी एका डोळ्याचा माणूस नको, हे मॅनेजरचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. गेटावर राखणीला बसा म्हणाले. अण्णा म्हणाले, "मला वाळू वळखता येती, माणसं न्हाय." आणि नंदगडाकडच्या आपल्या गावी जायला निघाले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "गप रं. वाट ऱ्हायली न्हवं?"

सकाळच्या पाळीची वेळ होती. समोरून सगळी गर्दी येत होती आणि अण्णा एकटे उलट्या दिशेने, सायकल हातात धरून, त्या मुरमाच्या पट्टीवरून चालले होते. कुणी सांगितलं नाही, पण एकेक जण उतरत गेला. वाट भरून माणसं उभी राहिली. "चला रं, कामाचा टाइम झाला," म्हणत अण्णा त्यांच्यातून वाट काढत गेले. ते दिसेनासे होईपर्यंत कुणी पॅडलवर पाय ठेवला नाही.

त्या दिवशी सगळी पाळी उशिरा आली. मी कुणाच्याच नावापुढे उशीर लिहिला नाही.