दोन बोटांची जागा

नांदुऱ्याच्या बसस्थानकामागे त्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आलेल्या प्रत्येक मोटरसायकलचं पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये तो आधी दोन बोटं घालून पाहायचा. आमच्या काळ्या मातीत एवढी जागा नसली, तर चिखल आत बसतो आणि चाक आवळतं.

माझ्या धाकट्या भावाच्या क्रूझर बाइकचं मडगार्ड त्यानेच खाली घेतलं होतं. चाकाला चिकटलेलं मडगार्ड भावाला देखणं वाटे. पावसाळ्यात शेतातून परतताना चाक आवळलं, भाऊ पुलाच्या कठड्यावर आदळला आणि जागीच गेला. महिन्याभराने मी गाडी टेम्पोत टाकून गॅरेजवर नेली. मला जाब विचारायचा होता.

गाडी पाहून तो हसला. "हे त माह्यंच काम. हिरो कुठं हाय? मले म्हणे, काका, तुमाले फॅशन समजत नाही."

मी सांगितलं. तो खाली बसला. मडगार्डखाली चिखल वाळून घट्ट झाला होता. बोट शिरत नव्हतं, तरी तो घालत राहिला.

"चिखलात नेऊ नको म्हणलं होतं त्याले." मग बोट बाहेर काढून म्हणाला, "पण वावरवाल्याचं पोरगं चिखलात नाही जाईन त कुठं जाईन? हे मले समजाले पायजे होतं."

विचारायचं काही उरलं नाही. त्याने चिखल खरवडला, मडगार्ड वर चढवलं, दोन बोटं घातली आणि मलाही घालायला लावली.

आता जागा पुरेशी होती.